प्रकल्प नोंदी: आक्कांचं लाल रजिस्टर आणि आमचं सॉफ्टवेअर

२ जून २०२५

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. या हॉस्पिटलात पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बसवायचं काम माझ्याकडं आलंय. आधी दोनदा असं सॉफ्टवेअर आलं आणि दोनदा गेलं, आणि का गेलं हे कुणालाच धड सांगता येत नाही. विचारलं की "चाललं नाही बघा" एवढंच. पहिल्याचा सर्व्हर अजून स्टोअररूममध्ये आहे, वर सलाईनची खोकी, आत पालीची अंडी.

जागा सांगतो. गोवा रोडला लागून, खानापूरच्या अलीकडं, ट्रस्टचं ३० खाटांचं हॉस्पिटल. ओपीडी दिवसाला सव्वाशे-दीडशे. पेशंट जांबोटी, कणकुंबी, नंदगड, गुंजी, लोंढा इकडनं येतात, बिडी-इटगीकडनं आले तर कानडी बोलतात, बाकी सगळं मराठी. मी बेळगावहून येऊन-जाऊन करतो. आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी आणि अकाउंट्समधला एक पोरगा, तोही अर्धाच दिवस.

आज लॅपटॉप उघडलाच नाही, नुसती रजिस्टरं मोजली. २३ निघाली. मग जांबोटीकडच्या एका गरोदर बाईच्या मागं मागं फिरलो, केसपेपरच्या खिडकीपासून वॉर्डात खाट मिळेपर्यंत. तिचं नाव ११ ठिकाणी लिहिलं गेलं, पाच जणांनी लिहिलं, गावाचं स्पेलिंग तीन प्रकारचं. आणि एक गोष्ट डोक्यात बसली. ज्यानं लिहिलं त्याला स्वतःला त्या लिहिण्याचा उपयोग आहे अशी या ११ मध्ये फक्त तीन ठिकाणं. बाकी सगळं दुसऱ्या कुणासाठी तरी. मॅनेजरसाठी, ऑडिटसाठी, तालुक्यासाठी, बेंगळूरसाठी.

वॉर्डच्या मुख्य सिस्टर, सगळे त्यांना आक्का म्हणतात. त्यांच्याकडं लाल बाइंडिंगचं एक जाड रजिस्टर आहे. ते मला मोजायलाही हातात दिलं नाही. "लांबनंच मोजा री," म्हणाल्या.

५ जून

जुना डेटा. मॅनेजरसाहेब म्हणाले होते "सगळं एक्सेलमध्ये आहे, नुसतं टाकायचं." उघडलं तर पेशंटची नावं म्हणजे नुसती खिचडी, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. कुणीतरी दहा वर्षं मराठी नावं जुन्या देवनागरी फॉन्टात टाईप केलीत, युनिकोड नाही, म्हणजे तो फॉन्ट मशीनवर असला तरच ते मराठी, नाहीतर कचरा. मधली दोन वर्षं टायपिस्ट बदलला, त्या बाई कानडीवाल्या, त्यांनी नुडी या कानडी फॉन्टात टाईप केलंय. एकाच कॉलममध्ये दोन भाषा, दोन फॉन्ट आणि अधूनमधून इंग्लिश.

तारखांचं तर विचारूच नका. तो पीसी अमेरिकन सेटिंगवर होता. ३ एप्रिल टाकलं की एक्सेलनं ४ मार्च समजून घेतलं आणि २५ एप्रिल टाकलं की पंचविसावा महिना नसतो म्हणून ती तारीख नुसता मजकूर म्हणून सोडून दिली. म्हणजे जिथं चूक दिसते ती तारीख बरोबर आणि जिथं सगळं छान दिसतंय ती चुकीची असू शकते. तीन तास घालवून हे कळलं.

जिल्ह्याच्या कॉलममध्ये बेलगाम, बेळगाव, बेळगावी, बेलगावी, बीजीएम. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं नाव बदललं, आमच्या एक्सेलला अजून कुणी सांगितलं नाही.

ठरवलं: मागच्या दोन वर्षांचेच पेशंट आत घ्यायचे. बाकीचे आले की नव्यानं नोंद.

१० जून

नावं. यावर एक पुस्तक होईल.

आधारवर इंग्लिशमध्ये जे असेल ते खरं धरायचं असं ठरलं. आता मारुती. आमच्याकडचा माणूस लिहिणार टी आय. पण कार्ड ज्यानं टाईप केलं तो दक्षिणेकडच्या वळणाचा असेल तर टी एच आय. लक्ष्मी कुठं एक्स घालून, कुठं के एस एच घालून. परशराम, परशुराम. आडनाव कधी आधी, कधी शेवटी, कधी नुसतं एक अक्षर आणि टिंब. बाईचं माहेरचं नाव रेशनकार्डावर, सासरचं आधारवर, आणि आमच्या केसपेपरवर सून जे सांगेल ते.

सॉफ्टवेअरवाल्यांचं डुप्लिकेट शोधायचं बटण नुसतं हुबेहूब नाव बघतं. त्यांना फोन केला तर म्हणाले आमच्या बाकीच्या क्लायंटला प्रॉब्लेम नाही. नसेल. त्यांचा डेमो बघितलाय मी, ३०० खाटांचं शहरातलं हॉस्पिटल, पेशंट स्वतःचं कार्ड स्वतः काढून देतोय.

जन्मतारीख बघून जुळवू म्हटलं तर साठीच्या पुढचे निम्मे लोक १ जानेवारीला जन्मलेले.

शेवटी असं केलं: गाव, फोनचे शेवटचे चार आकडे आणि वय दोन वर्षं इकडं-तिकडं. हे तिन्ही जुळलं तर स्क्रीनवर "हीच का ती?" असं विचारायचं आणि रिसेप्शनच्या ताईनं समोरच्याला बघून ठरवायचं. ताई निम्म्या तालुक्याला चेहऱ्यानं ओळखते. हे मी डॉक्युमेंटमध्ये काय म्हणून लिहू?

१६ जून

आज आभा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आयुष्मान भारत डिजिटल मिशन, २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्याआधी १५ ऑगस्ट २०२० पासून सहा केंद्रशासित प्रदेशांत चाचणी. प्रत्येकाला १४ आकडी नंबर, तोच आभा. तुमचे कागद दिल्लीला जाऊन पडत नाहीत, ते ज्या त्या हॉस्पिटलातच राहतात, नंबरानं नुसती जोडणी होते, आणि तुम्ही हो म्हटलं तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. कल्पना आपल्या भागासाठी सोन्यासारखी आहे, कारण आमचा पेशंट तीन राज्यांत फिरतो. ताप आमच्याकडं, सोनोग्राफी बेळगावात, अवघड झालं की गोव्यात बांबोळी नाहीतर कोल्हापूर, आणि परत येताना प्लास्टिकच्या पिशवीत कागद, त्यातले निम्मे पावसात भिजलेले.

आता प्रत्यक्षात. आजी समोर बसलेली. आधार आहे. ओटीपी पाठवला. गेला पुण्याला, कारण आधारला मोबाईल मुलाचा. मुलगा कंपनीत शिफ्टला, मोबाईल लॉकरमध्ये. बोटाचा ठसा घेऊ म्हटलं तर चाळीस वर्षं भातलावणी केलेली बोटं, मशीन तीनदा लाल. मागं लाईनीत १४ माणसं. आजी म्हणाल्या, "बाळा, नंबर राहू दे, गोळी दे."

तरणी पोरं मात्र खिडकीवरचा क्यूआर आपापल्या मोबाईलवरनं स्कॅन करतात, नाव-पत्ता आपोआप येतो, टोकन मिळतं, अर्ध्या मिनिटात काम. म्हणजे योजना चालते. ज्यांना कागद सांभाळायला जमत नाही त्यांच्यापाशी येऊन अडते, आणि तिची गरज त्यांनाच जास्त.

ठरवलं: ओपीडीच्या गर्दीत आभा नाही. दुपारी ३ नंतर वेगळ्या टेबलवर, तेही पेशंटला पाहिजे असेल तर. नसेल तर इलाज थांबणार नाही.

२० जून

पाऊस. लाईट चार वेळा गेली. यूपीएसची बॅटरी ११ मिनिटं टिकली, पाटीवर अर्धा तास लिहिलंय. जनरेटर चालू करणारा मामा सुट्टीवर. बाकी काही झालं नाही.

२६ जून

डॉक्टरांचं ट्रेनिंग. मोठ्या डॉक्टरीणबाई तीस वर्षं इथं आहेत, पेशंट दारातनं आत येईपर्यंत निम्मं निदान झालेलं असतं, आणि आता मी त्यांना सांगतोय की मॅडम, आधी ड्रॉपडाउन.

त्यांची तक्रार खरी आहे. कागदावर चार ओळी, चाळीस सेकंद. स्क्रीनवर तेच दोन मिनिटं वीस सेकंद, घड्याळ लावून मोजलं मी. दीडशे पेशंटला गुणून बघा.

निदानाला आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतला, कोड लावायचा. आपल्याकडं कॉम्प्युटरवरच्या पेशंट-नोंदींचे नियम २०१३ साली आले, २०१६ ला सुधारले, कागदावर सगळं व्यवस्थित आहे. पण साप चावलेला पेशंट आला आणि मॅडमनी शोधपेटीत चावा असं इंग्लिशमध्ये लिहिलं तर टी ६३.० सापडतच नाही, कारण तिथं सापाचं विष असं लिहिलेलं आहे. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात साप चावणं म्हणजे रोजचं, आणि पेशंट टेबलवर असताना शब्दकोडं सोडवायचं का? मग होतं काय, यादीत वर जे पहिलं दिसेल ते. टेस्टचा रिपोर्ट काढला तर निम्मा तालुका आर ५०.९, म्हणजे कारण न लिहिलेला ताप.

वरनं औषधांचे इशारे. दोन गोळ्या लिहिल्या की पॉप-अप, तिसरी लिहिली की दोन पॉप-अप. लहान डॉक्टर तिसऱ्या दिवशीच न वाचता ओके दाबायला लागला. उद्या खरोखर जिवावरचा इशारा आला तरी तो ओकेच दाबणार. आमच्यात म्हणतात ना, लांडगा आला रे आला. मी सगळे बंद करून दोनच ठेवले, ॲलर्जी आणि गरोदरपण. सॉफ्टवेअरवाल्यांनी मेलवर लेखी मागितलं की तुमच्या जबाबदारीवर. मॅडमनी सही केली.

शिवाय त्यांच्याकडनं नेहमीच्या ४० आजारांची यादी लिहून घेतली, त्यांच्याच शब्दांत, आणि मागनं कोड मी लावला. सापासाठी नुसतं "साप".

३ जुलै

लॅब. यावर जरा लिहितो कारण दोन दिवस यातच गेले आणि मजाही आली.

सीबीसीच्या (रक्तपेशी मोजायच्या) मशीनमागं जुनं नऊ पिनांचं सीरियल पोर्ट आहे, आरएस-२३२. रिपोर्ट तिथनं बाहेर येतो, ९६०० च्या स्पीडनं. आमच्या नव्या पीसीला असलं भोकच नाही म्हणून यूएसबी कन्व्हर्टर आणला. डेटा काही येईना. सेटिंग बदल, ड्रायव्हर बदल, इंजिनिअरला फोन लाव, तो म्हणाला व्हिजिट चार्ज पडेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मल्टिमीटर लावून एकेक पिन तपासली तेव्हा कळलं केबलच सरळ आहे. पाहिजे होती क्रॉस केबल, म्हणजे इकडची २ नंबरची पिन तिकडं ३ ला गेली पाहिजे, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात पडायला. दोघंही एकमेकांच्या तोंडात बोलत होते. बेळगावात खडेबाजारात एक रेडिओ दुरुस्तीवाले मामा आहेत, त्यांनी पाच मिनिटांत दोन तारा उलट करून टाका मारला. पैसे विचारले तर म्हणाले, "चहा पाज गा."

स्क्रीनवर पहिला हिमोग्लोबिन आपोआप उमटला तेव्हा लॅबचा पोरगा खुर्चीवरनं उठला. त्याचं रोजचं ८० रिपोर्ट हातानं उतरवणं संपलं. या अख्ख्या प्रकल्पात पहिल्यांदा कुणीतरी मला स्वतःहून येऊन विचारलं, पुढचं मशीन कधी जोडणार?

१४ जुलै

आज सुरू केलं. सोमवार निवडायला नको होता. सकाळी साडेनऊला बाहेर रिक्षापर्यंत लाईन. ताई रडकुंडीला. एक काका, "आधी वहीत लिहीत होती तेव्हा काय दुखत होतं तुमचं?" ११ वाजता मीच कागदावर टोकनं लिहायला बसलो.

१५ जुलै

कालच्यापेक्षा बरं.

१७ जुलै

लॅबचे रिपोर्ट सकाळपासून बंद. तासभर शोधलं. सफाईच्या मावशींनी टेबल पुसताना यूएसबी काढली आणि शेजारच्या भोकात घातली, विंडोजनं त्या जोडणीचा नंबर कॉम ३ चा कॉम ७ करून टाकला, सॉफ्टवेअर कॉम ३ चीच वाट बघत बसलेलं. मावशींचं काय चुकलं? वायर निघाली होती, त्यांनी घालून दिली. त्या भोकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि मावशींना ट्रेनिंग दिलं. ट्रेनिंगच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं आमच्या.

२१ जुलै

हे नीट लिहितो.

वॉर्डात एकाच दिवशी दोन लक्ष्मी पाटील (नाव बदललंय), एक नंदगडची, एक गुंजीजवळची. दोघींचं रक्त गेलं. लॅबच्या पोरानं मशीनवर पेशंटचा नंबर हातानं टाकला, एक आकडा चुकला. नंदगडच्या लक्ष्मीचा एचबी (हिमोग्लोबिन) आला ११.२ आणि गुंजीच्या लक्ष्मीचा ६.८. स्क्रीनवर सगळं स्वच्छ, छापील, हिरव्या रंगात. लहान डॉक्टरनं स्क्रीन बघितली आणि गुंजीच्या लक्ष्मीला रक्त चढवायचं ठरवलं.

आक्कांनी अडवलं. "डॉक्टर, फिकट ती नंदगडवाली आहे, ही नव्हे. मी सकाळी डोळे बघून लिहून ठेवलंय." आणि लाल रजिस्टर उघडलं. शेवटच्या कॉलमला, ज्याच्यावर काही हेडिंगच नाही, लिहिलेलं: "डोळे पांढरे, जिना चढताना धाप, सोबत जाऊबाई."

परत रक्त काढलं. आक्का बरोबर.

मला दोन गोष्टींची लाज वाटली. एक म्हणजे बारकोडचं काम मी दुसऱ्या टप्प्यात ढकललं होतं, बजेट नाही म्हणून. आणि दुसरं म्हणजे मागच्याच आठवड्यात मॅनेजरच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं होतं की १ ऑगस्टपासून वॉर्डचं रजिस्टर बंद करा, तोपर्यंत लोक सिस्टीम वापरणार नाहीत. हातानं लिहिलेलं चुकतं हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून लोक दोनदा बघतात. छापून आलेल्याला कुणी परत बघत नाही.

लेबल प्रिंटर उद्याच मागवायचा. १ ऑगस्टची तारीख रद्द.

२५ जुलै

लेबल प्रिंटर आला, ट्यूबवर बारकोड, मशीन स्कॅन करतं, हातानं नंबर टाकणं बंद. पहिल्याच दिवशी लेबलं पुसली. स्वस्तातला थर्मल कागद, त्याला सॅनिटायझरचा हात लागला की अक्षरं गायब. आता रिबनवाला रोल, प्रत्येक लेबलमागं थोडे पैसे जास्त. मॅनेजरसाहेब कुरकुरले, त्यांना २१ तारखेचं परत सांगितलं, गप्प झाले.

२९ जुलै

बॅकअप. रोज रात्री २ वाजता होतो असं मी सगळ्यांना छातीठोक सांगत होतो. आज पहिल्यांदा त्या बॅकअपवरनं दुसऱ्या मशीनवर डेटा परत उभा करून बघायला बसलो तर ९ जुलैपासूनच्या सगळ्या फायली शून्य केबी. डिस्क भरलेली. सॉफ्टवेअर रोज "पूर्ण झाला" असा हिरवा टिक दाखवत होतं.

दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा) हल्ला झाला होता, पाच सर्व्हर आणि साधारण १.३ टेराबाइट डेटा लॉक झाला, दोन आठवड्यांच्या आसपास तिथं सगळं हातानं चाललं. एम्सला माणसं होती, केंद्राच्या एजन्सी धावून आल्या. आमच्याकडं मी आणि अर्ध्या दिवसाचा पोरगा. आता दोन डिस्क, एक इथं, एक दर शनिवारी मॅनेजरच्या घरी कुलपात, दोन्ही वायर काढून ठेवलेल्या. आणि महिन्यातनं एकदा खरोखर उभं करून बघायचं. मोबाईलवर रिमाइंडर लावलाय, "टिकवर विश्वास नको".

५ ऑगस्ट

निपाणीला एका दवाखान्यात माझ्याच बॅचचा मित्र हेच काम करतो, त्याला भेटलो. त्याचं दुखणं वेगळंच. काउंटरवर समोर येणारी कार्डं. कर्नाटकची योजना आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, बीपीएल घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत, तिचं पोर्टल वेगळं. कागल-गडहिंग्लजकडनं आलेल्याकडं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा कागद, तिचं पोर्टल वेगळं, ती चालायला हॉस्पिटल त्या यादीत पाहिजे. २०२३ ला महाराष्ट्रानं ती योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, त्यावरनं दोन्हीकडं राजकारण पेटलं, ते सगळ्यांना माहीत आहे, मी त्यात पडत नाही. काउंटरवरच्या पोरीचं काय होतं ते बघा. माणूस राहतो कर्नाटकात, बोलतो मराठी, लेक दिलेली कोल्हापूरला, रेशनकार्ड एका राज्याचं आणि आधारचा पत्ता दुसऱ्याचा, कारण मध्ये आठ वर्षं इचलकरंजीला लूमवर होता. पोर्टल म्हणतंय राज्य निवडा. तो म्हणतोय, "कुठलं चालेल?"

आमचंही तेच, वेगळ्या रूपात. टीबीचा पेशंट आला की सरकारच्या निक्षय पोर्टलवर टाकायचा (खासगीलाही २०१२ पासून कळवणं बंधनकारक आहे, आणि ते बरोबरच आहे), गरोदर बाई माता-बाल आरोग्याच्या आरसीएच पोर्टलला, जन्माची नोंद ई-जन्मला, त्याशिवाय योजनेचं पोर्टल आणि आमचं स्वतःचं. पाच पासवर्ड, पाच वेळा तेच नाव आणि प्रत्येक ठिकाणी स्पेलिंग वेगळं घ्यायची संधी. आमच्यातनं बाकीच्यांकडं आपोआप जायची सोय विचारली तर सॉफ्टवेअरवाल्यांचं कोटेशन आलं, ते वाचून मॅनेजरसाहेबांनी फॅन मोठा केला.

१२ ऑगस्ट

लॉगिन. रिपोर्टप्रमाणे एक सिस्टर सलग ३१ तास ड्युटीवर होत्या. अर्थातच त्यांचा पासवर्ड सगळा वॉर्ड वापरतोय, मॉनिटरला चिकटपट्टीनं लावलेला. ओरडून उपयोग नाही, मी स्वतः वापरून बघितलं, एकानं बाहेर पडून दुसऱ्यानं आत यायला सव्वा मिनिट लागतं आणि तेवढ्यात सलाईन संपतं. आयकार्डावर बारकोड छापले, स्कॅन केलं की आत, वर चार आकडी पिन. चिकटपट्टी निघाली. खुणा आहेत अजून.

संमतीचा फॉर्मही बदलला. सॉफ्टवेअरवाल्यांनी दिलेला दोन पानी इंग्लिशमध्ये होता, अंगठा कुठं करायचा तेवढं लोकांना कळायचं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे की माहिती इंग्लिश किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत मिळायला पाहिजे. मराठी आणि कन्नड दोन्ही त्यात आहेत, मग एका पानावर दोन्ही छापून टाकलं. मराठी मी लिहिलं, कन्नड फार्मसीतल्या अण्णांनी. "तुमची माहिती कोण बघणार" हे वाक्य लिहायला आम्हाला दोघांना एक तास लागला, कारण आधी आम्हालाच ते ठरवावं लागलं.

१९ ऑगस्ट

आज दुपारी आक्कांनी स्वतःहून रजिस्टर समोर ठेवलं. "बघा काय बघायचं ते. पान फाडू नका."

पहिले सात कॉलम सगळे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेतच. खाट, नाव, वय, गाव, डॉक्टर, औषध, वेळ. आठवा तो बिनहेडिंगचा. मागची तीन महिन्यांची पानं वाचली. "शेवटची कणकुंबी गाडी साडेपाचची, आधी सोडा." "फोन शेजारच्या दुकानाचा, सकाळी उचलत नाही." "नवरा पितो, पैसे सासूच्या हातात द्या." "गोळ्या वाचता येत नाहीत, रंग सांगितला." "दुसरी मुलगी, घरच्यांची तोंडं बघून घेतली, लक्ष ठेवा."

या एका कॉलमवर तो वॉर्ड चालतो. ३०० खाटांच्या हॉस्पिटलसाठी बनवलेल्या त्या सॉफ्टवेअरमध्ये १४२ रकाने आहेत, मी मोजलेत, त्यात साडेपाचची गाडी कुठंच बसत नाही.

मी विचारलं, आक्का, तुम्हाला या कॉम्प्युटरचा काय उपयोग झाला आजवर? खरं सांगा.

"मला काय उपयोग? मी टाकते, मॅनेजर बघतात. ड्युटी बदलताना मला परत सगळं हातानं लिहून द्यावं लागतं रात्रीच्या पोरीला. पाऊण तास. ते बंद करून दाखवा."

एवढंच होतं. अडीच महिने मी कुणाला हा प्रश्न विचारला नव्हता. लॅबच्या पोराचं ८० वेळा उतरवणं वाचलं म्हणून तो पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूनं, आणि आक्कांना आम्ही फक्त काम वाढवून दिलं.

२५ ऑगस्ट

दोन दिवस रात्री बसून केलं, सॉफ्टवेअरवाल्यांना न विचारता, त्यांच्या डेटाबेसमधनं नुसतं वाचून. सकाळी ८, दुपारी २, रात्री ८ ला वॉर्डच्या प्रिंटरवर एक कागद आपोआप येतो. खाटेप्रमाणे पेशंट, काय चाललंय, कुठली औषधं राहिलीत, कुठला रिपोर्ट यायचाय. शेवटचा कॉलम रिकामा, रुंद, हातानं लिहायला. तो कॉम्प्युटरमध्ये घालायचा मोह झाला होता, घातला नाही. "नवरा पितो" हे सर्व्हरवर कायमचं कशाला? कुणाला कधी दिसेल कोण जाणे. कागद २४ तासांनी फाडायचा.

गाडीची वेळ आणि शेजाऱ्याचा फोन एवढे दोनच रकाने डिस्चार्जच्या स्क्रीनवर वाढवले.

परवा गणपती. निम्मा स्टाफ उद्यापासून गावाला. आज लाईट दोनदाच गेली.

३ सप्टेंबर

गणपतीच्या दिवसांत बदली सिस्टर आल्या होत्या, नवीन, वॉर्ड माहीत नाही. त्या कागदावर चार दिवस काढले त्यांनी. एकदा प्रिंटरची शाई संपली तर रात्री सव्वाआठला मला घरी फोन. एरवी सिस्टीम बंद पडली तर कुणी फोन करत नव्हतं, उलट हायसं वाटायचं लोकांना. आरती अर्धी सोडून फोनवर कार्ट्रिज कुठल्या कपाटात आहे ते सांगितलं.

मोठ्या मॅडमचा वेळ परत मोजला, एक मिनिट पाच सेकंद. अजून कागदापेक्षा जास्तच. त्या रोज ऐकवतात.

९ सप्टेंबर

महिन्याचं स्टेशनरी इंडेंट, म्हणजे मागणीची यादी, आलं, सगळ्या विभागांचं. २३ पैकी ९ रजिस्टरं या वेळी कुणी मागितली नाहीत. लॅबची तिन्ही गेली. फार्मसीनं दोन्ही मागितलीत, अण्णांचा अजून भरवसा नाही, असू दे की. ओपीडीचं रजिस्टर ताईनं "लाईट गेली तर" म्हणून एक ठेवलंय, ते बरोबर आहे.

लेबलचे रोल सहा, प्रिंटर कार्ट्रिज दोन, यूपीएसची बॅटरी चार (मंजुरी बाकी).

वॉर्ड: लाल रजिस्टर, एक. आक्कांनी दरवेळचं ४०० पानी खोडून शेजारी २०० पानी लिहिलंय.